एक ते सहाशे सव्वीस

वोल्फगांग आमाडेयुस मोत्सार्ट या थोर संगीतकाराने निर्माण केलेले सारे संगीत इ. स. २०१६ मध्ये एकत्र करून प्रसिद्ध करण्यात आले, तेव्हा त्यासाठी २०० तबकड्या लागल्या. त्या एकामागून एक ऐकावयाच्या म्हटल्या, तर सुमारे २४० तास हवेत. म्हणजे अन्नपाणी आणि झोप सोडून बसले तरी पुरते दहा दिवस आणि दहा रात्री! आणि हे सारे निर्माण करणारा माणूस जगला मात्र अवघी पस्तीस वर्षे.

एवढे संगीत ऐकावे तरी कोणत्या क्रमाने? बहुतेक लोक मनाला येईल ते ऐकतात, आणि त्यात गैर काही नाही. परंतु काही रसिक पहिल्या रचनेपासून आरंभ करतात आणि ज्या क्रमाने त्या लिहिल्या गेल्या त्याच क्रमाने शेवटापर्यंत जातात. अशा श्रोत्याला सुरांबरोबरच एक लहान मूल मोठे होताना ऐकू येते. त्यासाठी अर्थातच कोणती रचना आधीची आणि कोणती नंतरची हे ठाऊक असावे लागते. आणि मोत्सार्टच्या मृत्यूनंतर साठ वर्षे लोटली तरी ते कोणालाच नीट ठाऊक नव्हते.

आपल्याकडे गवई आपली चीज गळ्यात जपतो आणि शिष्याच्या गळ्यात ठेवून जातो. युरोपातील संगीतकार ती कागदावर लिहून ठेवतो. कोणत्या वाद्याने कोणत्या क्षणी कोणता स्वर वाजवावयाचा, हे सारे तो स्वरलिपीत मांडतो. त्यामुळे तेथे कागद हरवला की संगीतही हरवले. मोत्सार्टचे कागद अनेकांच्या हाती विखुरले होते. कित्येकांवर तारीख नव्हती, आणि त्याच्या नावावर दुसऱ्यांच्या रचनाही खपत होत्या. हा पसारा आवरण्याचे काम अखेर एका वनस्पतिशास्त्रज्ञाने अंगावर घेतले. त्याचे नाव लुडविग फॉन क्योखेल. इ. स. १८०० मध्ये जन्मलेल्या या गृहस्थाने कायद्याचा अभ्यास केला होता आणि ऑस्ट्रियाच्या राजघराण्यातील मुलांना शिकविले होते. फावल्या वेळात तो रानोमाळ हिंडून झाडपाला आणि खनिजे गोळा करी. प्रत्येक पानाला आणि प्रत्येक दगडाला त्याची जागा नेमून देण्याची त्याला सवय. तीच सवय त्याने मोत्सार्टच्या कागदांकडे वळविली. अनेक वर्षे खपून त्याने कालक्रमानुसार एक सूची तयार केली, प्रत्येक रचनेला क्रमांक दिला आणि ओळख पटावी म्हणून तिच्या आरंभीची सुरावटही छापली. ही सूची १८६२ मध्ये जर्मनीतील लाइप्झिग शहरी प्रसिद्ध झाली. तिचा पहिला क्रमांक १ आणि शेवटचा ६२६.

क्रमांक १ हे पियानोसारख्या वाद्यावर वाजवावयाचे एक चिमुकले नृत्यसंगीत आहे. मोत्सार्टचा जन्म २७ जानेवारी १७५६ रोजी ऑस्ट्रियातील आजच्या साल्झबुर्ग शहरी झाला. त्याचे वडील लेओपोल्ड हे तेथील आर्चबिशपच्या पदरी वादक होते. सात अपत्यांपैकी दोनच जगली. मोठी मारिया आना, जिला घरी नानर्ल म्हणत, आणि धाकटा वोल्फगांग. नानर्लला वाद्य शिकविण्यासाठी वडिलांनी एक वही केली होती. बहिणीचे धडे ऐकता ऐकता धाकटा भाऊही तेच वाजवू लागला. वडील त्या वहीत टिपण करून ठेवीत. त्यातील एका टिपणावरून कळते की, पाचवा वाढदिवस तीन दिवसांवर असताना वोल्फगांगने एक धडा रात्री नऊ ते साडेनऊ एवढ्या वेळात पाठ केला होता. थोड्याच दिवसांत तो स्वतः सुरावटी रचू लागला. त्याला अजून लिहिता येत नसे. म्हणून तो वाजवी आणि वडील लिहून घेत.

दोन्ही मुलांचे गुण पाहून वडिलांनी त्यांना जगासमोर नेण्याचे ठरविले. १७६३ च्या जून महिन्यात हे कुटुंब घोडागाडीतून निघाले, ते साडेतीन वर्षांनी घरी परतले. म्युनिक, पॅरिस, लंडन, हॉलंड अशी ती यात्रा होती. खाचखळग्यांचे रस्ते, थंडी, ताप आणि रोज नव्या दरबारापुढे वादन. पॅरिसमध्ये १७६४ साली त्याच्या रचना प्रथम छापल्या गेल्या. क्रमांक ६ आणि ७. तेव्हा तो आठ वर्षांचा होता. लंडनमध्ये वडील आजारी पडले आणि घरात वाद्य वाजविण्याची बंदी झाली. तेव्हा वोल्फगांग गुपचूप बसून संपूर्ण वाद्यवृंदासाठी सिंफनी लिहू लागला आणि शेजारी बसलेल्या बहिणीला त्याने बजावले की, हॉर्न या वाद्याला काही चांगले काम द्यावयाचे आहे, याची आठवण कर. ही हकीकत नानर्लने पुढे म्हातारपणी सांगितली. या काळातली त्याची सिंफनी म्हणजे क्रमांक १६.

लंडनमधील बॅरिंग्टन नावाच्या एका विद्वानाला संशय आला की, हा मुलगा वयाने मोठा असावा आणि बाप त्याचे वय चोरून सांगत असावा. त्याने स्वतः मुलाची परीक्षा घेतली, न पाहिलेले संगीत त्याच्यापुढे ठेवले आणि जन्माचा दाखलाही मागविला. मुलगा परीक्षेत उतरला. पण मध्येच खोलीत एक मांजर शिरले, तेव्हा परीक्षा टाकून तो मांजराशी खेळावयास धावला आणि बराच वेळ परत आणता येईना! काठीचा घोडा करून तो खोलीभर दौडे, असेही बॅरिंग्टनने नोंदविले आहे. जन्माच्या दाखल्यापेक्षा या मांजराचा पुरावा अधिक बळकट म्हटला पाहिजे.

हे पहिले चाळीसएक क्रमांक ऐकताना एक मौजेची गोष्ट ध्यानात येते. क्रमांक १८ ही सिंफनी मुळात मोत्सार्टची नाहीच. लंडनमधील आबेल नावाच्या संगीतकाराची ती रचना मुलाने अभ्यासासाठी उतरवून घेतली होती, आणि हस्ताक्षर पाहून क्योखेलची गफलत झाली. क्रमांक ३७, ३९, ४० आणि ४१ हेदेखील त्याने दुसऱ्यांच्या रचनांवरून बांधलेले धडे होत. कित्ता गिरविल्यावाचून या मुलाचेही अक्षर वळणदार झाले नाही.

बाराव्या वर्षी त्याने व्हिएन्नात एक संपूर्ण संगीतिका लिहिली. ती क्रमांक ५१. ती रंगभूमीवर यावयाची, तोच गायक-वादकांत कुजबुज सुरू झाली की, एवढे मोठे काम पोराचे नव्हे, बापाचेच असले पाहिजे. संगीतिका व्हिएन्नात झालीच नाही. वडिलांनी चिडून सम्राटाकडे तक्रार केली. तिचाही उपयोग झाला नाही. नंतर पितापुत्र इटलीस गेले. या वेळी नानर्ल मात्र घरीच राहिली. ती आता लग्नाच्या वयाची झाली, तिने लोकांसमोर वाजविणे शोभत नाही, असा त्या काळचा दंडक होता. लहानपणी भावाइतकीच वाहवा मिळविलेली ही मुलगी साल्झबुर्गमध्ये शिकवण्या करीत राहिली. तिनेही रचना केल्या होत्या. भावाने पत्रातून त्यांची मनापासून प्रशंसा केली होती. त्यांपैकी एकही आज उरलेली नाही. त्यांना क्रमांक देण्याची पाळी कोणा क्योखेलवर आलीच नाही.

इटलीच्या तीन प्रवासांनंतर १७७३ मध्ये मोत्सार्ट घरी आला आणि त्याच वर्षी, सतराव्या वर्षी, त्याने क्रमांक १८३ ची सिंफनी लिहिली. एकापासून ओळीने ऐकत आलेला श्रोता येथे दचकतो. आतापर्यंत गोड, नीटनेटके, दरबाराला आवडेल असे संगीत चालले होते. येथे एकाएकी वादळ उठते. तेथून पुढे १७७७ मधील क्रमांक २७१ पर्यंत आले, म्हणजे तो स्वतःचे नियम करू लागल्याचे ध्यानात येते. पियानो आणि वाद्यवृंद यांच्या अशा रचनेत आधी वाद्यवृंद बराच वेळ वाजतो आणि पियानोवादक मुकाट्याने थांबतो, अशी रीत होती. येथे वाद्यवृंदाने तोंड उघडताच पियानो लगेच उत्तर देतो. आपणही बोलावे असे ज्याला वाटू लागले आहे, त्याचा हा आवाज होता.

पण साल्झबुर्गमध्ये त्याचे बोलणे ऐकून घेणारे कोणी नव्हते. नवा आर्चबिशप कोलोरेडो संगीतकारांना नोकरांच्या पंक्तीत बसवी आणि प्रवासाला रजा देत नसे. अखेर १७७७ मध्ये मोत्सार्टने नोकरी सोडली आणि दुसरी चांगली जागा शोधण्यासाठी तो बाहेर पडला. वडिलांना रजा मिळाली नाही, म्हणून सोबत आई गेली. मानहाइम येथील उत्कृष्ट वाद्यवृंद ऐकून तो हरखला. नोकरी मात्र मिळाली नाही. वडिलांची पत्रांमागून पत्रे येत होती. कर्ज वाढत होते. मायलेक पॅरिसला पोहोचले. ज्या पॅरिसने सात वर्षांच्या मुलाला डोक्यावर घेतले होते, त्याच पॅरिसला बावीस वर्षांच्या तरुणाचे काही अप्रूप उरले नव्हते. आई दिवसदिवस अंधाऱ्या खोलीत एकटी बसून राही. जूनमध्ये तिला ताप आला आणि ३ जुलै १७७८ रोजी रात्री ती वारली.

त्या रात्री परक्या शहरात एकट्या पडलेल्या या तरुणाने दोन पत्रे लिहिली. एक वडिलांना. त्यात त्याने आई फार आजारी आहे, एवढेच कळविले आणि पुढे आपल्या नव्या सिंफनीचे कसे स्वागत झाले, याचे वर्णन केले. दुसरे साल्झबुर्गमधील एका स्नेह्याला. त्यात खरी बातमी सांगून, वडिलांच्या व बहिणीच्या मनाची हळूहळू तयारी करावी, अशी विनंती केली. अशा वेळी ते वर्णन लिहिताना त्याचा हात कसा चालला असेल, याची कल्पनाही करवत नाही.

त्या सिंफनीचा क्रमांक २९७. ती आनंदी आणि झगमगीत आहे. त्याच वर्षी पॅरिसमध्ये लिहिलेली क्रमांक ३१० ची पियानो-रचना मात्र आरंभापासून धडधडत्या काळजासारखी वाजते. ही दोन्ही एकाच उन्हाळ्यातली! म्हणून क्रमवारीने ऐकणाऱ्याने एक सावधगिरी बाळगावी लागते. दुःखाच्या तारखेसमोर दुःखाचा सूर असेलच, असे समजून चालत नाही.

हात हलवीत तो साल्झबुर्गला परतला आणि पुन्हा त्याच धन्याच्या चाकरीस लागला. १७८१ मध्ये व्हिएन्नात खटका उडाला. आर्चबिशपच्या एका सरदाराने त्याला अक्षरशः लाथ मारून दाराबाहेर काढले. वडिलांनी क्षमा मागून परत येण्याविषयी कळविले. मुलाने या एका बाबतीत वडिलांचे ऐकले नाही. तो व्हिएन्नातच राहिला. शिकवण्या, स्वतःच्या हिमतीवर भरविलेल्या संगीतसभा आणि संगीतिका यांवर तो जगू लागला. १७८२ मध्ये त्याने कॉन्स्टान्झ वेबर हिच्याशी विवाह केला.

आता सूचीचे काम सोपे होते. कारण ९ फेब्रुवारी १७८४ पासून मोत्सार्टने स्वतःच एक वही ठेवण्यास सुरुवात केली. डाव्या पानावर तारीख, रचनेचे नाव आणि वाद्ये, उजव्या पानावर आरंभीची सुरावट. त्यातील पहिली नोंद म्हणजे क्रमांक ४४९. ही वही आज लंडनच्या ब्रिटिश ग्रंथालयात आहे. तिच्यातल्या तारखा पाहिल्या की माणूस थक्क होतो. त्या एका वर्षात त्याने पियानो आणि वाद्यवृंद यांच्या सहा मोठ्या रचना पुऱ्या केल्या. त्याच वर्षी मे महिन्यात त्याने एक मैना जातीचा पक्षी विकत घेतला. हा पक्षी क्रमांक ४५३ मधील एक सुरावट जवळजवळ जशीच्या तशी गाई, फक्त एक स्वर किंचित चढवून! मोत्सार्टने आपल्या हिशेबाच्या वहीत पक्ष्याची किंमत मांडली, त्याखाली त्याची सुरावट लिहून घेतली आणि त्याला शाबासकीही दिली. तीन वर्षांनी तो पक्षी मेला, तेव्हा मोत्सार्टने त्याच्यावर कविता केली. त्याच्या आठवडाभर आधीच, २८ मे १७८७ रोजी, साल्झबुर्गमध्ये त्याचे वडील वारले होते.

संगीत त्याच्या डोक्यात आयतेच तयार असे आणि तो ते फक्त उतरवून काढी, अशी एक समजूत आहे. ती पुरती खरी नाही. क्रमांक ३८७ पासून ४६५ पर्यंतच्या दरम्यान चार तंतुवाद्यांसाठी लिहिलेल्या सहा रचना आहेत. त्यांना दोन वर्षांहून अधिक काळ लागला आणि त्यांच्या हस्तलिखितांत खाडाखोड पुष्कळ आहे. दीर्घ परिश्रमांचे फळ म्हणून त्या त्याने ज्येष्ठ संगीतकार हायडन याला अर्पण केल्या. त्यांतील काही ऐकल्यावर हायडनने वृद्ध लेओपोल्डला सांगितले होते की, माझ्या माहितीत तुमच्या मुलाएवढा मोठा संगीतकार दुसरा नाही.

संगीतिकांना प्राग शहरी मोठे यश लाभले. तरीही पैशाची ओढाताण संपेना. कमाई चांगली होती, पण ती नेमाने येत नसे, आणि खर्चाला धरबंध नव्हता. १७८८ मध्ये तुर्कांशी युद्ध पेटले, श्रीमंतांनी हात आखडता घेतला आणि मोत्सार्ट एका व्यापारी मित्राकडे उसनवारीची पत्रे लिहू लागला. त्याच उन्हाळ्यात वहीत तीन नोंदी झाल्या. २६ जून, २५ जुलै आणि १० ऑगस्ट. क्रमांक ५४३, ५५० आणि ५५१. पाश्चात्त्य संगीतातील अत्युत्तम अशा या तीन सिंफनी दीड महिन्याच्या अवधीत नोंदविल्या गेल्या. पहिल्या नोंदीनंतर तीनच दिवसांनी त्याची सहा महिन्यांची मुलगी वारली होती. त्याच्या सहा अपत्यांपैकी दोनच मुलगे जगले.

सहाशेच्या पुढचे क्रमांक सावकाश ऐकावेत. १७९१ साल उजाडले. जूनमधील क्रमांक ६१८ ही अवघ्या ४६ मात्राखंडांची प्रार्थना आहे, आणि तिच्यात एकही स्वर वाया गेलेला नाही. क्रमांक ६२० ही 'जादूची बासरी' नावाची संगीतिका ३० सप्टेंबर रोजी रंगभूमीवर आली आणि सामान्य लोकांनी तिला गर्दी केली. मुलांना अजूनही ती फार आवडते. त्याच सुमारास एका अनोळखी माणसाच्या मार्फत मृतांच्या शांतीसाठी गावयाच्या संगीताची मागणी आली. मागणी करणारा सरदार आपल्या दिवंगत पत्नीसाठी ते संगीत स्वतःच्या नावावर गाववू इच्छीत होता, म्हणून त्याने नाव लपविले होते. मोत्सार्ट त्या कामास लागला. नोव्हेंबरात तो अंथरुणास खिळला आणि ५ डिसेंबर १७९१ रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, त्याचे देहावसान झाले. त्याला विष घातल्याची आवई पुढे उठली. तिच्यात तथ्य नाही. व्हिएन्नाच्या वेशीबाहेर, तेव्हाच्या सामान्य नागरिकांच्या रीतीप्रमाणे, खूण न केलेल्या जागी त्याला पुरण्यात आले.

ते शेवटचे संगीत म्हणजे क्रमांक ६२६. त्यातील एक भाग तर आठव्या मात्राखंडाशीच थांबला आहे. पुढचे काम त्याच्या सहकाऱ्याने पुरे केले. मोत्सार्टच्या स्वतःच्या वहीत या रचनेची नोंद नाही. कारण पुरी झाल्यावाचून तो रचना नोंदवीत नसे. त्या वहीत शेवटची तारीख १५ नोव्हेंबरची आहे. पुढच्या पानांवर सुरावटीसाठी रेघा आखून ठेवलेल्या आहेत. त्या तशाच कोऱ्या राहिल्या.

कॉन्स्टान्झने उरलेली हस्तलिखिते १७९९ मध्ये आंद्रे नावाच्या प्रकाशकाला विकली. तिने आणि त्याने ती जपली, म्हणून पुढे क्योखेलला काही मांडता आले. क्योखेलच्या सूचीत चुका होत्याच, आणि त्यानंतरच्या अभ्यासकांनी त्या दुरुस्त केल्या. कागद उजेडासमोर धरला की त्यात कारखान्याची पुसट खूण दिसते. त्या खुणेवरून तो कागद मोत्सार्टने कोणत्या वर्षी वापरला हे ठरविता येते. अशा तपासणीतून क्रमांक ४१२ ही रचना, जी नऊ वर्षे आधीची समजली जात होती, ती त्याच्या अखेरच्या वर्षातली ठरली. क्रमाने ऐकणाऱ्याला ती तबकडी उचलून पार टोकाला नेऊन ठेवावी लागली.

१८६२ नंतर सूचीच्या सुधारलेल्या आवृत्त्या निघत गेल्या. अगदी अलीकडची २०२४ मध्ये निघाली. तिची तयारी चालू असताना लाइप्झिगच्या नगर ग्रंथालयात एक जुनी नक्कल सापडली. दोन व्हायोलिने आणि एक खर्जाचे तंतुवाद्य यांसाठी लिहिलेले, सात छोट्या भागांचे, सुमारे बारा मिनिटांचे हे संगीत कोणीच ऐकलेले नव्हते. चौदावे वर्षही पुरे न झालेल्या मोत्सार्टने, इटलीस जाण्यापूर्वी ते लिहिले असावे, असा अभ्यासकांचा निर्वाळा आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये ते प्रथम साल्झबुर्गमध्ये आणि मग दोन दिवसांनी लाइप्झिगमध्ये वाजविण्यात आले. सूचीत त्याला क्रमांक मिळाला ६४८. मृतांच्या त्या अपुऱ्या गाण्यानंतर बावीस घरे पुढे आता त्या मुलाचे हे संगीत बसले आहे.